तत्त्वज्ञानाच्या गोष्टीला चित्र लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जातकातल्या (म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या), भागवतातल्या, झेन या बौद्ध पंथातल्या गोष्टी चित्रं दाखवत सांगायचं काम करतो मी, लायब्ररीत, शाळेत, कधी कुणाच्या गच्चीवर. कार्यक्रम संपला की लोक थांबतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, त्यामुळे एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, हवं तिथून वाचा.

तत्त्वज्ञान म्हणजे विचार. त्याला चित्र कशाला लागतं?

लागतंच असं नाही. बऱ्याच गोष्टी चित्र लावल्याने बिघडतात, ते खाली येईलच. पण काही गोष्टींत विचार मुळातच एखाद्या दिसणाऱ्या वस्तूत बसलेला असतो. शिबी राजाची गोष्ट घ्या. ससाण्याला घाबरून कबूतर राजाकडे येतं, ससाणा म्हणतो माझ्या तोंडचा घास काढलास आता मी काय खाऊ, राजा म्हणतो कबुतराच्या वजनाइतकं माझं मांस घे, तराजू आणतात, आणि राजा कितीही मांस कापून टाकतो तरी कबुतराचं पारडं खालीच. शेवटी राजा स्वतः पारड्यात बसतो. एका जिवाची भरपाई दुसऱ्या जिवाच्या तुकड्यांनी होत नाही, हे तुम्ही दहा वेळा बोलून दाखवा, लोक माना डोलावतील आणि घरी जातील. तो तराजू दाखवा आणि गप्प बसा, लोक स्वतःच मनात मांस टाकत राहतात. अजिंठ्याला १ नंबरच्या लेण्यात ही गोष्ट रंगवलेली आहे, तराजूसकट. पाली जातकातला शिबी वेगळा, तो डोळे दान करतो, आणि तीही गोष्ट अजिंठ्यात आहे, १७ नंबरला.

तर माझी पहिली चाचणी हीच. गोष्टीत अशी एखादी वस्तू आहे का जी बघताना माणूस विचार करायला लागतो? असेल तर चित्र करा. नसेल आणि नुसतं एक म्हातारा साधू आणि एक शिष्य झाडाखाली बसून बोलतायत एवढंच असेल तर राहू द्या, नुसती गोष्ट सांगा, चांगली होते.

हे सगळं आत्ताचं फॅड आहे ना? स्लाइड्स, रील्स वगैरे?

अजिबात नाही हो. दिव्यावदान नावाच्या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात सरळ सांगितलंय की विहाराच्या दारावर संसाराचं चक्र रंगवा, आणि (हे मला फार आवडतं) येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगायला एक भिक्षू तिथे नेमा. म्हणजे चित्र एकटं पुरत नाही हे त्यांना माहीत होतं, चित्र आणि सांगणारा अशी जोडीच नेमलेली. अजिंठ्याच्या १७व्या लेण्याच्या व्हरांड्यात असं चक्र आहे, बरंचसं गेलंय पण आहे.

आणि आपल्याकडे चित्रकथी आहेतच. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातली मंडळी पिढ्यानपिढ्या हे करतायत, पूर्वी सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता त्यांना. चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. पुढ्यात एक एक चित्र उभं करायचं आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा गायची. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पिंगुळीला त्यांच्या घरच्यांनी ठाकर आदिवासी कला आंगण नावाचं म्युझियम केलंय, कोकणात गेलात तर नुसते मासे खाऊन परत येऊ नका.

मग चित्राने काय सांगायचं आणि बोलणाऱ्याने काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा पण. बहुतेक लोक तोंडाने जे सांगतात तेच चित्रात काढतात. "राजा जंगलात गेला", चित्रात राजा जंगलात. मग दोघांपैकी एक जण फुकट पगार घेतोय.

दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमधली कुमारीची गोष्ट माहीत असेल, एकनाथी भागवत घरात वाचलं जात असेल तर नक्कीच. मुलीला बघायला पाहुणे आलेत, घरात दुसरं कुणी नाही, ती आत भात कांडायला बसते आणि हातातली कांकणं वाजायला लागतात. पाहुण्यांना कळेल घरात कांडलेला तांदूळही नाही. लाज वाटून ती एक एक कांकण काढत जाते. दोन उरतात तरी वाजतात. एक उरतं तेव्हा आवाज थांबतो. गंमत म्हणजे जातकातल्या महाजनक राजाच्या गोष्टीतही अशीच एक मुलगी भेटते, एका हातात एक बांगडी आणि दुसऱ्यात दोन. दोन परंपरा, एकमेकींशी वाद घालणाऱ्या, आणि दोघींकडे तीच मुलगी.

आता याचं चित्र कसं करणार? आवाज तर काढता येत नाही. मी हे असं करतो, चित्रात फक्त तिचा हात, मुसळ, आणि बाजूला जमिनीवर काढून ठेवलेली कांकणं. हातात दोन. बस. आवाज मी तोंडाने करतो. मग दुसरं चित्र, हातात एक, आणि त्यावर मी काहीच बोलत नाही. लोकांना ती शांतता ऐकू येते कारण डोळ्यांना कांकण दिसतंय आणि कान आवाजाची वाट बघतायत. इथे चित्र आणि सांगणारा दोघंही अर्धं अर्धं काम करतात आणि एकाला काढलं तर दुसरा लंगडा पडतो. एकटं राहण्याबद्दल एक शब्द उच्चारावा लागत नाही.

दारावर पाहुणे उभे आहेत, मुलीचा लाजलेला चेहरा, मागे चूल, हे सगळं काढायचा मोह होतो. काढू नका. ते शब्दांत दोन सेकंदात होतं.

गोष्टीतला नेमका कुठला क्षण काढायचा?

तात्पर्याचा क्षण सोडून कुठलाही. हे थोडं अती वाटेल पण मी या मतावर ठाम आहे.

षड्दंत जातक बघा. सहा दातांचा हत्ती, म्हणजे बोधिसत्त्व, आधीच्या जन्मातला बुद्ध. त्याच्या दोन राण्या, त्यातल्या एकीला वाटतं याचं दुसरीवर जास्त प्रेम, ती झुरून मरते, पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि शिकाऱ्याला पाठवते, मला त्या हत्तीचे दात आणून दे. शिकारी विषारी बाण मारतो पण त्याला दात काही कापता येत नाहीत, मग हत्ती स्वतः सोंडेत करवत धरून आपले दात कापून देतो. आता तुम्ही म्हणाल हाच क्षण! क्षमा, करुणा, दान सगळं एकाच फ्रेममध्ये. आणि पोस्टर म्हणून ते भारी होईलच.

पण अजिंठ्यात १०व्या लेण्यात (हे लेणं इसवीसनाच्या आधीचं, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी) बघा. कळप आहे, शिकार आहे, आणि शेवटी ते दात राणीसमोर येतात आणि राणी कोसळते. आजूबाजूची माणसं तिला सावरतायत. पाच-सहाशे वर्षांनी १७व्या लेण्यात तीच गोष्ट दुसऱ्या कुणीतरी रंगवली, तिथेही राणी कोसळलेलीच. गोष्टीत ती त्याच दिवशी मरते. हवं ते मिळालं आणि त्या मिळण्यानेच जीव गेला. हत्तीची क्षमा किती मोठी हे हत्तीकडे बघून कळत नाही, ते राणीकडे बघून कळतं, आणि तिला धरणाऱ्या दासींकडे बघून, ज्यांना काय चाललंय ते माहीतच नाही. दात आले, राणी पडली, एवढंच त्यांना दिसतंय. आपल्यालाही आयुष्यात बहुतेक वेळा तेवढंच दिसतं.

अजिंठ्याच्या चित्रकारांची ही सवयच आहे असं माझं निरीक्षण. मोठी गोष्ट घडत असताना ते आजूबाजूच्यांचे चेहरे मनापासून काढतात. १६व्या लेण्यातली ती प्रसिद्ध 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात ना, ती बहुतेक अभ्यासकांच्या मते बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची बायको सुंदरी. नवरा भिक्षू झाला ही बातमी तिच्यापर्यंत आलीये. नंदाला पुढे काय ज्ञान झालं ते ग्रंथात वाचा, पण संन्यासाची किंमत कोण भरतं हा प्रश्न त्या भिंतीवर आहे. आणि हे चित्र भिक्षू राहायचे त्या विहारातच आहे! रोज जातायेता बघायचे ते लोक. मला हे धाडसाचं वाटतं.

तर तुमच्या गोष्टीत ज्याच्यावर परिणाम होतोय पण ज्याला कारण माहीत नाही असा माणूस शोधा. त्याचा चेहरा काढा.

वाईट माणूस कसा काढायचा?

जपून. विश्वंतर जातक माहितीये का? दान देण्यात कधीच नाही न म्हणणारा राजपुत्र. राज्याचा पाऊस आणणारा पांढरा हत्ती देऊन टाकतो, लोक चिडतात, त्याला वनवास होतो, तिथे जूजक नावाचा म्हातारा ब्राह्मण येऊन त्याची दोन्ही मुलंच मागतो, नोकर म्हणून. आणि हा देतो! मुलं रडतायत, वेलीने बांधून नेतायत आणि बाप देतो. शेवटी आजोबा पैसे मोजून नातवंडं सोडवून घेतात, सगळं गोड होतं, पण मधला भाग घशात अडकतो. आपल्याच नाही, मिलिंद या ग्रीक राजालाही अडकला होता, मिलिंदपञ्ह नावाच्या पाली ग्रंथात तो नागसेन भिक्षूला हेच विचारतो की दुसऱ्याला दुःख देऊन केलेलं दान हे कसलं दान. नागसेन उत्तर देतो, लांबलचक, वाचा आणि पटतं का बघा. मला पूर्ण पटलेलं नाही.

आता १७व्या लेण्यातला जूजक बघा. बोकडदाढी, चेहरा असा की बघताक्षणी नको वाटावा. ग्रंथातही त्याच्या अठरा कुलक्षणांची यादीच दिलीये त्यामुळे चित्रकाराला बोल लावता येत नाही. पण परिणाम काय होतो, की सगळा राग जूजकावर जातो आणि देणारा सुटतो. खरा प्रश्न देणाऱ्याचा होता! चित्राने विचार करायच्या आधीच निकाल लावून टाकला. चित्राची ही ताकद फार धोक्याची, शब्दांत तुम्ही "पण" म्हणू शकता, "कदाचित" म्हणू शकता, कुरूप नाक काढलं की तिथे कदाचित वगैरे काही राहत नाही.

मी ही गोष्ट करतो तेव्हा जूजक पाठमोरा ठेवतो. एक साधा म्हातारा, काठी, दोरी. समोर विश्वंतराचा हात, पाणी सोडतोय दानाचं. मग हॉलमध्ये भांडणं होतात, आणि व्हायलाच पाहिजेत.

शून्य, मोक्ष, आत्मा असलं काही कसं काढायचं? निळा प्रकाश चालेल?

निळा प्रकाश, डोक्यातून निघणारी गॅलेक्सी, कमळात बसलेली आउटलाइन, हे सगळं आता योगा क्लासच्या फ्लेक्सवर असतं, त्यामुळे बघणाऱ्याच्या डोक्यात थेट फी किती हाच विचार येतो.

जुन्या लोकांनी यावर फार हुशार उत्तरं काढलीयेत. सांचीला पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून निघतो तो प्रसंग आहे. त्यात सिद्धार्थच नाहीये. घोडा आहे, तोच घोडा पुन्हा पुन्हा कोरलाय, पाठ रिकामी आणि वर मात्र छत्र धरलेलं. पुढे नुसती पावलं. सुरुवातीच्या बौद्ध शिल्पांत बुद्ध असाच असतो, रिकामं आसन, झाड, पाऊलखुणा. असं का केलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही, पण गोष्ट सांगणाऱ्याला त्यातून जे मिळतं ते सोनं आहे. छत्र धरायला कुणीतरी आहे आणि ज्याच्यावर धरलंय तो दिसत नाही.

दुसरं उदाहरण चीनमधलं, झेनची दहा बैलचित्रं. बाराव्या शतकात कुओआन नावाच्या भिक्षूने केलेली मालिका सगळ्यात प्रसिद्ध. एक गुराखी हरवलेला बैल शोधतोय, पाऊलखुणा सापडतात, मग शेपूट दिसतं, मग ओढाताण, मग बैलावर बसून बासरी वाजवत घरी, मग बैल गायब, आणि आठव्या चित्रात नुसतं रिकामं वर्तुळ. गुराखीही नाही. याच्या आधीची एक मालिका तर रिकाम्या वर्तुळावरच संपत होती. कुओआनने पुढे दोन वाढवली, नवव्यात झाड आणि ओढा, दहाव्यात एक ढेरपोट्या हसरा माणूस बाजारात येतोय. मला विचाराल तर ती वाढवलेली दोन चित्रं म्हणजेच खरं तत्त्वज्ञान, पण ते असो. मुद्दा हा की ते रिकामं वर्तुळ चालतं कारण त्याच्या आधी सात चित्रं आपण बैलाच्या मागे फिरलोय. पहिल्याच स्लाइडला रिकामं वर्तुळ टाकलंत तर लोकांना वाटेल फाइल उघडली नाही.

गोष्ट क्रमानेच दाखवायची का?

नाही. जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलोफ यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर खूप बारीक काम केलंय आणि त्यांनी दाखवून दिलं की तिथे बऱ्याच गोष्टी काळाच्या क्रमाने नाही तर जागेप्रमाणे मांडल्यात. म्हणजे राजवाड्यात जे जे घडतं ते एका ठिकाणी, आधीचं असो की शेवटचं, जंगलातलं सगळं जंगलात. त्यामुळे नवखा माणूस भिंतीसमोर गोंधळतो, सुरुवात कुठे आणि शेवट कुठे. पण तत्त्वज्ञानाच्या गोष्टीला हे फार छान जमतं, कारण ज्या दारातून राजपुत्र वनवासाला निघाला त्याच्याच शेजारी तो परत येताना दिसतो आणि तुम्ही आपोआप तुलना करता.

स्लाइड शोमध्ये हे होत नाही, आधीचं चित्र जातं. म्हणून शक्य असेल तेव्हा एकच मोठं चित्र छापून घ्या, फ्लेक्सवाल्याकडे कापडावर प्रिंट मिळतं, आणि काठीने दाखवत फिरा. पुढे जा, मागे या.

चित्राखाली मजकूर लिहायचा का?

गोष्टीचं नाव लिहा, तात्पर्य लिहू नका. भारहूतच्या स्तूपावर (आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे बराचसा) शिल्पांवर ब्राह्मीत छोटी छोटी नावं कोरलीयेत, हे अमुक जातक, हा अमुक. बास. अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात आर्यशूर नावाच्या कवीच्या जातकमालेतले श्लोक रंगवलेले सापडले, पण ते श्लोक आहेत, कविता आहे, "यावरून आपण काय शिकलो" असं नाहीये ते.

किती चित्रं घ्यायची आणि एकेकावर किती वेळ?

कमी चित्रं, जास्त वेळ. चित्रकथी एका चित्रावर निवांत गातात, बघणाऱ्याचे डोळे कोपऱ्यापर्यंत फिरून येईपर्यंत. अर्ध्या तासाच्या गोष्टीला माझी पाच-सहा पुरतात. रील करायची असेल तर एकच चित्र घ्या आणि त्यावर कॅमेरा हळू फिरवा, सगळ्यात शेवटी पूर्ण दाखवा.

एआयने केलेली चित्रं चालतील?

पैसे नसतील तर काय करणार, वापरा, मी नाक मुरडणार नाही. पण त्याच्या सवयी ओळखून घ्या. ते सगळं सुंदर करतं. महाजनकाच्या गोष्टीत दोन आंब्याची झाडं आहेत, एकाला फळं होती म्हणून लोकांनी ओरबाडून त्याची पार वाट लावली आणि दुसरं वांझ म्हणून हिरवंगार उभं, ते बघून राजा राज्य सोडायचं ठरवतो. हे एआयला सांगा, ओरबाडलेलं झाडही कॅलेंडरसारखं येतं, संध्याकाळच्या सोनेरी उन्हात. तुम्हाला हवं असतं मोडलेल्या फांद्या, चिकाचे डाग, खाली तुडवलेला पाला. एक तर दहा वेळा सांगत बसा नाहीतर बाहेर जाऊन आंब्याच्या हंगामात खरं झाड बघा आणि फोटो काढा, ते लवकर होतं.

आणि कपडे तपासा. जातकातला राजा मुघल शेरवानीत येतो.

मला चित्र अजिबात काढता येत नाही

वस्तू आणा. एक कांकण, एक तराजू, दोरी. टेबलावर ठेवली की झालं चित्र.

लहान मुलांना हत्ती मरतो वगैरे दाखवायचं का?

दाखवा, रक्त नको. मुलांना मरण चालतं, अन्याय चालत नाही, त्यामुळे विश्वंतर दहा वर्षांखालच्यांना मी सांगत नाही. एकदा सुरू झाली की "पण त्याने आईला विचारलं का" इथून ती मुलं हलत नाहीत. (माद्री, म्हणजे त्या मुलांची आई, त्या वेळी फळं आणायला रानात गेलेली असते. नाही विचारलं.)

अजिंठ्याची चित्रं वापरायला परवानगी लागते का?

मूळ चित्रावर कुणाचा कॉपीराईट नाही, पण फोटो ज्याने काढला त्याचा हक्क असतो. भारतात फोटोवरचा कॉपीराईट फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे सेफ मार्ग म्हणजे जुन्या नकला. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ साली जवळपास सगळ्या गेल्या. मग मुंबईच्या आर्ट स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ राबले आणि त्यातल्याही बऱ्याच लंडनलाच १८८५ च्या आगीत जळाल्या (नशीब बघा!), पण ग्रिफिथ्सचं दोन खंडांचं पुस्तक १८९६-९७ मध्ये छापलं गेलं, ते स्कॅन करून ऑनलाइन आहे आणि कॉपीराईटमुक्त आहे. त्यातली रेखाटनं तर छापायला जास्त सोयीची, भिंतीवर जे आता नीट दिसत नाही ते त्यात दिसतं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

सोमवारी लेणी बंद असतात, हे आधी लिहून ठेवा, दरवर्षी कुणीतरी जळगाव स्टेशनवरून फोन करतं. जळगाव जवळ पडतं, साधारण ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून १०० च्या आसपास. गाडी खाली फर्दापूरच्या फाट्याला ठेवायची आणि तिथून बस. फ्लॅश मारायचा नाही. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या, बाहेरच्या उन्हातून थेट जाऊन दोन मिनिटांत बाहेर येणारे "काही दिसतच नाही" म्हणतात. वेळ कमी असेल तर १, २, १०, १६, १७ एवढीच करा. गोष्टी आधी वाचून जा, निदान विश्वंतर आणि षड्दंत. १० नंबरला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज शिकारी ऑफिसरने २८ एप्रिल १८१९ ला खांबावर नाव कोरून ठेवलंय, गाइड ते आवर्जून दाखवतात, पण राणी कुठे कोसळलीये ते विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. विचारा.